जंतू कुणावर गेले

अहो आई, अजून मोठा आ करा. माझ्या स्वयंपाकाबद्दल बोलताना उघडतं तेवढं तोंड उघडा— हं, अस्सं. ही नळी थुंकी ओढत राहील, तिच्याशी भांडू नका. भूल चढलीय, दुखायचं नाही. आणि काय हो, एका भिंतीपलीकडे राहता आणि अपॉइंटमेंट फोन करून घेतलीत? माझी रिसेप्शनिस्ट म्हणाली, ‘मॅडम, तुमच्याच आडनावाच्या एक आजी आहेत, विचारत होत्या, डॉक्टर तापट आहे का.’ — हसू नका, हसू नका, ड्रिल आहे माझ्या हातात.

बाप रे, ही दाढ आहे की पडकी विहीर? शेजारचीही तसलीच. सून दातांची डॉक्टर आणि सासूच्या तोंडात हे असं— बरं, तुम्हाला मी काय बोलू, माझ्या पोटच्या पोराचं तरी काय वेगळं होतं? त्या दिवशी भुंग्या खदखदून हसला आणि माझ्या अंगावर काटाच आला. डॉक्टरीणबाईंचं पोर, जेमतेम तीन वर्षांचं, आणि हसलं की करपलेले शेंगदाणे! तुम्ही म्हणालात, दुधाचेच तर आहेत, पडतील. तुमच्या चिरंजीवांनी लगेच री ओढली. अहो, पडायला अजून तीन-चार वर्षं आहेत, तोवर कीड मुळापर्यंत पोचली तर रात्र रात्र किंचाळेल ते, मग काय करणार— पडण्याची वाट बघणार?

म्हणून तर मी घरातल्या सगळ्यांची थुंकी मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत पाठवली. तुमच्या यजमानांनी, आपल्या बाबांनी, बाटली घेतली आणि निघाले संडासाकडे, ओरडून थांबवावं लागलं त्यांना. कारण हे जंतू काही आभाळातून पडत नाहीत हो. पोर जन्मतं तेव्हा नसतातच त्याच्या तोंडात, कुणीतरी देतं. गरम आहे का बघायला चमचा आधी आपल्या तोंडात, मग त्याच्या. अर्धं बिस्किट आपण, अर्धं त्यानं. पापी सरळ ओठांवर. आणि एकदा का ते तिथे मुक्कामाला आले की साखर खातात आणि आंबट सोडतात, त्या आंबटानं दात विरघळतो. त्यात रात्रीची ती गोड दुधाची बाटली, ती तुमच्या चिरंजीवांची मेहेरबानी बरं का— पोरानं गप्प झोपावं आणि बापाला मॅच बघता यावी! त्यांना मी वेगळं झापलंय, भिंतीतून ऐकलंच असेल तुम्ही.

तर मैत्रिणीचा फोन आला. हसत होती. म्हणाली, तुझ्या पोराचे जंतू अगदी आजीवर गेलेत, हुबेहूब. आणि माझे? मी विचारलं की तिला. माझे म्हणे औषधालासुद्धा नाहीत. राग आला मला तो त्याचाच— हे काय बोलतेय मी. जरा डावीकडे वळा. — नाही, पण खरंच त्याचाच. नऊ महिने पोटात मी वागवलं, टाके मला पडले, डोळे गेले तुमच्या मुलावर, नाक गेलं बाबांवर, ठीक आहे, चालतं. पण किडेसुद्धा तुमचेच? माझा एक, एक जंतू नाही त्याच्या तोंडात? असणार कसा! तो उठायच्या आत मी इथे येऊन दुसऱ्यांच्या पोरांना ‘आ कर राजा’ करत असते, आणि घरी पोचते तेव्हा तो तुमचं बोट घट्ट धरून झोपलेला. मग मी त्याच्या डोक्याची पापी घेते, हळूच, जागा होऊ नये म्हणून. केसांतून कुठला जंतू जाणार!

म्हणून बाबांच्या वाढदिवसाला, केक कापताना, तुमच्या लेकीसमोर बोलून गेले— ‘तुमच्या तोंडची घाण आहे ती.’ जंतू म्हणायचं होतं. घाण म्हणाले.

पण तुम्ही तरी काय हो! तेव्हापासून तोंडाला रुमाल बांधून घरात दरोडेखोरासारख्या हिंडताय. घास भरवता तो हातभर लांबून. परवा तो गाल पुढे काढून उभा राहिला तुमच्या दारात, आणि तुम्ही मान फिरवलीत. मला वाटलं, आता माझ्याकडे येईल. आला नाही. भिंतीकडे तोंड करून बसला. रात्री बापाला विचारतो, ‘आजीची नि माझी कट्टी झालीय का?’ पापीच घेऊ नका असं कोण म्हणालं तुम्हाला? चमचा वेगळा ठेवा म्हटलं! गाल आहेत, कपाळ आहे, पोट आहे, अख्खं पोर मोकळं पडलंय, ओठ तेवढे सोडा.

आता ऐका. त्याचे दात मला भरायचेत आणि तो माझ्यासमोर तोंड उघडत नाही. मागे एकदा बसवला या खुर्चीत, तर कडाडून चावला— हा अंगठा बघा, अजून हिरवानिळा आहे. अख्ख्या गल्लीतली पोरं माझ्यासमोर आ करतात, माझं तेवढं करत नाही. तुमच्या मांडीवर बसून करेल. म्हणजे, विनंतीबिनंती नाहीये ही, वैद्यकीय गरज आहे, लहान मुलाला धरायला ओळखीचं माणूस लागतं… बरं, विनंती समजा. समजा काय, आहेच.

झालं. गुळणी करा. थुंका. — काय? सावकाश, ओठ बधीर आहे तुमचा. — बाहेर? बाहेर काय? — बाबा बसलेत? आणि बाबांबरोबर कोण?

आणलाच होतात तुम्ही त्याला? येतानाच? मग दाढ… दुखत नव्हती? — ‘आधी आजी, मग तू’ असं कबूल करून आणलंत? अहो, मग मी हे एवढं सगळं… किती मोठ्यानं बोलत होते मी?

अगं, त्यांना आत पाठव. बाकीच्यांना म्हणावं, थांबा जरा. — ये रे. अरे, आजीच आहे ती, तोंड वाकडं झालंय फक्त, होईल सरळ. चढ मांडीवर. — हो, घ्या ना, घ्या. त्या गालाचीपण घ्या. — आता आ कर, राजा. माझ्याकडे नको बघूस, आजीकडे बघून कर.

…केला.

शू. कुणी काही बोलू नका आता.