सेहेचाळीस अंश

तुम्ही म्हणता कॉम्प्युटर चुकत नाही, तर ऐका. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी दोंडाईच्याला हवामान केंद्रात होते. आम्ही कळवलेले आकडे दिल्लीचा कॉम्प्युटर आपणहून तपासायचा, न पटलेले फेकून द्यायचा आणि उरलेल्यांवर अंदाज बांधायचा. आकडा घ्यायचा की टाकायचा, हे ठरवायला मध्ये माणूस नाहीच.

मे महिन्यात मी सेहेचाळीस अंश कळवले. दिल्लीहून साहेबांचा फोन आला.

"मॅडम, तुमचा आकडा कॉम्प्युटरनं नाकारलाय. तुमच्या जवळच्या एरंडोल केंद्राशी जुळत नाही. दुरुस्त करून पाठवा."

"काय दुरुस्त करू? ऊन?"

"असंच चाललं तर तुमचं केंद्र वगळलं जाईल."

"वगळा. मी वाचलं तेच पाठवणार."

इकडे रेडिओ सांगायचा, उष्मा नेहमीसारखाच. त्यावर विसंबून मजूर बाया भर दुपारी शेतात जायच्या. माझं डोकं फिरलं. एरंडोल केंद्राच्या पाटीलभाऊंना फोन लावला.

"भाऊ, आज किती आहे तुमच्याकडे?"

"ताई, खरं सांगू, का पाठवलेलं सांगू?"

"म्हणजे?" मी विचारलं. भाऊ म्हणाले, "खरं पाठवलं की दिल्लीचा फोन येतो. बेचाळीस पाठवलं की कुणी विचारत नाही."

"उद्यापासून खरं पाठवा. फोन आला तर माझ्याकडे वळवा. मी बघते त्यांच्याकडे!"

दुसऱ्या दिवशी दोघांनीही खरे आकडे पाठवले. ते एकमेकांशी जुळले आणि कॉम्प्युटरनं मुकाट घेतले. संध्याकाळी साहेबांचा खुशीत फोन आला.

"बघा मॅडम, सुधारला ना तुमचा थर्मामीटर!"

म्हटलं, "थर्मामीटर तोच आहे, साहेब. एरंडोल सुधारलं."