दहा दिवसांचा चौकोन

…थांबा म्हणे! नुसतं थांबा! अहो, पण किती थांबायचं? आणि पोटरीत चार दात रुतलेल्या माणसानं थांबायचं म्हणजे नेमकं करायचं काय, बसायचं, झोपायचं, की देवाचं नाव घ्यायचं? तुम्हाला सांगतो, मी काही भित्रा माणूस नाही. माढ्याहून सोलापुरात आलो, टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला लागलो, आमच्या मालकासमोर, आबासाहेबांसमोर, पंधरा वर्षं मान वर करून उभा राहिलो. पण त्या दहा दिवसांत माझी पाचावर धारण बसली हो!

झालं काय, शनिवारी ऑफिसात ट्रेनिंग होतं. पुण्याहून अंकिता मॅडम आलेल्या. कारखान्याचं सगळं काम म्हणे चित्रात काढायचं, म्हणजे कुठं काय अडतं ते कळतं. गोल, पट्टी, बाण... आणि मधे मधे पतंगासारखे उभे चौकोन. एका चौकोनाच्या पोटात वर्तुळ आणि वर्तुळाच्या पोटात पंचकोन! मी म्हटलं, मॅडम, हे काय हो? तर त्या अशा चष्मा वर करून, "भारतराव, साध्या चौकोनात तुम्ही प्रश्न विचारता. माल तयार आहे का? हो असेल तर इकडे, नसेल तर तिकडे. उत्तर आधीपासून असतंच, फक्त बघायचं असतं. या चौकोनात उत्तर अजून जन्मालाच आलेलं नाही. इथं तुम्ही ठरवत नाही. इथं तुम्ही थांबता. गिऱ्हाइकाचा होकार आला तर ही वाट, त्यानं ऑर्डर मागं घेतली तर ती वाट, आणि सात दिवसांत काहीच आलं नाही तर घड्याळाची वाट. पहिलं येईल ते खरं, बाकीचं रद्द!"

मी म्हटलं, आणि दोन्ही एकदम आलं तर? म्हणाल्या, "कुणीतरी एक क्षण आधी असतंच. आणि घड्याळ लावायला विसरू नका हं, नाहीतर चौकोन जन्मभर उभा!" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. कळलं काय? काही नाही! पण चहा आलेला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी अकराला, बाळे गावाच्या पुढं पुणे रोडनं गाडीवरून चाललोय. रस्त्यात मेंढरं. मी हॉर्न दिला. आता हॉर्न दिला हा काय गुन्हा झाला का? पण मेंढरामागनं एक काळं कुत्रं आलं, भुंकलं नाही, गुरगुरलं नाही, सरळ येऊन पोटरीला! आणि सोडून परत मेंढरात, ड्युटीवर! मेंढरांचा मालक धुळामामा, सांगोल्याकडचा, काठी टाकून पळत आला. "आवं सायेब, त्यो कुनाला चावत न्हाय वो! तुमी भोंगा वाजिवलासा, कोकरू बिचकलं, म्हून धरलं!" म्हणजे चूक माझीच!

डॉक्टरांनी नळाखाली पंधरा मिनिटं साबणानं पाय धुवायला लावला, जखमेत सुई, दंडात सुई, आणि शांतपणे म्हणाले, "आज पहिली, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिलं तर पुढच्या सुया रद्द. हरवलं तर सगळ्या घ्यायच्या. मध्येच मेलं किंवा बिघडलं, तर लगेच इकडं या."

"या, आणि मग?"

"मग बघू."

मग बघू! डॉक्टरनं हे दोन शब्द उच्चारू नयेत असा कायदा पाहिजे की नाही? आणि तुम्हाला सांगतो, तिथं त्या स्टुलावर, पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, मला अंकिता मॅडमचा चौकोन लख्ख कळला! मी चौकोनात उभा होतो! एका वाटेवर मेलेलं कुत्रं, दुसऱ्या वाटेवर हरवलेलं कुत्रं, तिसऱ्या वाटेवर दहा दिवसांचं घड्याळ. आणि मी काही ठरवायचं नाही. पहिलं येईल ते खरं, बाकीचं रद्द. त्या बाकीच्यात मीपण आलो की हो!

आता कुत्रं दारातलं असतं तर ठीक. पण मेंढरं एका जागी राहतात का? दोन दिवस ह्याच्या वावरात बसवायची, खत झालं की पुढच्याच्या वावरात. म्हणजे माझा जीव, तुम्हाला सांगतो, पुणे रोडनं चालत निघालेला! बाळे गाव मागं पडलं, कोंडी झाली, पाकणी झाली. मी आपला जेवणाच्या सुट्टीत गाडी काढायची, बिस्किटाचे दोन पुडे घ्यायचे आणि वावरं शोधत हिंडायचं. ज्यानं मला फाडलं त्याच्या तब्येतीसाठी मी नवस बोललो! हायवेवर ट्रक जोरात गेला की मी आधी कुत्रं कुठंय ते बघायचो. अहो, ते ट्रकखाली गेलं तर पिसाळलेलं होतं की नव्हतं हे मला कोण सांगणार?

चौथ्या दिवशी पाणी ठेवलं पुढं, तर तोंड फिरवलं! पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं म्हणतात! संपलं! मी बांधावरच बसलो. धुळामामाची बायको गोजाबाई चुलीपासनं ओरडली, "आवं आत्ताच तळ्यावर पिऊन आलंय की! किती प्यायचं त्यानं?"

आणि फोन! मी धुळामामाला बजावलेलं, काही झालं तर लगेच फोन करा. झालं, फोन वाजला की मी भिंत धरायचो. मिटिंगमध्ये वाजला, उचलला, तर गोड आवाज, "सर, आपण जीवन विमा काढलाय का?" अहो, हिला कुणी कळवलं?

सहाव्या दिवशी फोनच बंद! वावरात गेलो, वावर रिकामं, नुसत्या लेंड्या. बायकोला फोन लावला, विजयमाला म्हणते, "अहो, चार्जिंग संपलं असंल. इतकं काय?" इतकं काय! मी रडलो हो, खरंच रडलो, हायवेच्या कडेला हेल्मेट घालून, म्हणजे कुणाला दिसू नये. पोरीचं लग्न डोळ्यापुढं आलं, आणि त्यात मी कुठंच नव्हतो. निरोप येणार कसा, चौकोनाचा कानच बंद! पहिलं येईल ते खरं, पण आलेलं कळलं तर पाहिजे ना? चार गावं फिरलो तेव्हा मोहोळच्या अलीकडं सापडले. कुत्रं उन्हात पडलेलं, निवांत, पाय वर करून. मी ओरडलो. त्यानं एक डोळा उघडला, मला बघितलं आणि परत मिटला.

दहावा दिवस. सकाळी अकराला घड्याळ पुरं होणार. मी घड्याळ हातात धरून समोर उभा. दहा पन्नास... दहा पंचावन्न... अकरा! कुत्रं जिवंत, शेपूट हलतंय, पाणी पितंय! घड्याळ पहिलं आलं! बाकीचं रद्द! मी धुळामामाला मिठी मारली, म्हटलं, मामा, वाचलो, पिसाळलेलं नव्हतं!

गोजाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "पिसाळंल कसं? दरसाल टोचतोय की त्याला." आणि पिशवीतनं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. जनावरांच्या दवाखान्याचा शिक्का, तारीख, सही. तीन महिन्यांपूर्वीची!

"मावशी, हे पहिल्या दिवशी का नाही दाखवलं?"

"तुमी रोज आलासा, बिस्किटं घातलासा, त्याच्या तोंडाकडं बघून गेलासा. आमाला वाटलं लळा लागलाय. इचारलासा कुटं?"

खरं सांगू? डॉक्टरांनी मला विचारलेलं, कुत्र्याला लस दिलीय का? आणि मी, पंधरा वर्षं ऑफिसात बसलेला शहाणा, ठोकून दिलं, "मेंढरामागचं कुत्रं हो, त्याला कोण टोचतंय!" डॉक्टर परवा कार्ड बघून म्हणाले, "सुया तरीही दिल्याच असत्या. पण तुम्हाला झोप लागली असती."

संपलं वाटतं तुम्हाला? काल धुळामामाचा फोन. "सायेब, त्यो भाकरीला तोंडच लावंना वो. बांधावर बसतोय, रस्त्याकडं बघत. कवा येताय?"

…काय करणार? जातो. सरका जरा, वाटेत दुकान बंद व्हायच्या आत पुडे घ्यायचेत.