मूत्रपिशवीतलं बटण

...अहो, पण जाब विचारायचा तरी कुणाला, तुम्हीच सांगा! जन्मभर वायरमनचं काम केलं, घरोघरची बटणं बसवली, आणि डॉक्टरीणबाई मलाच सांगतात, "काका, तुमच्या मूत्रपिशवीतलं एक जनुक बंद झालंय." म्हटलं, जळलं का? "नाही हो, अगदी शाबूत आहे! पेशींना आवरणारं जनुक ते. नुसतं बंद झालंय, म्हणून गाठ वाढली." आता शाबूत फिटिंग आपोआप बंद होतं होय? बटण दाबलं कुणी?

"तंबाखू असेल, रसायनं असतील, वय असेल..." हे काय उत्तर झालं? मी म्हटलं, बाई, मी दातांनी वायरी सोलायचो, त्यानं झालं का? तर हसल्या!

तुम्हाला सांगतो, गाठ दुर्बिणीतून खरवडून काढली हो, पण परत आली तर वरवर राहणार की पिशवीच्या भिंतीत घुसणार? घुसली तर पिशवीच काढायची म्हणे... घाबरलो ना मी, खोटं कशाला बोलू! तर बाई म्हणाल्या, "लघवीत खुणा सापडतात. कुठली जनुकं चालू, कुठली बंद, त्यावरून अंदाज येतो." घ्या! म्हणजे टेस्टरच लावायचा की! इतकं बरं वाटलं मला, लगेच बाटली भरून लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवून आलो.

आणि दुसऱ्या दिवशी फोन, "काका, नमुना खराब झाला, फ्रिज बंद होता." असा भडकलो! तडक इथे लॅबमध्ये आलो, सगळ्यांना फैलावर घेतलं. फ्रिज शाबूत आहे ना? वीज गेली नव्हती ना? मग बटण दाबलं कुणी?

तेवढ्यात आमच्या हिनं बाही ओढली, "अहो, हळू बोला... फ्रिजच्या खोलीत कुणी नाही, पंखा उगाच फिरतोय म्हणून काल निघताना सगळी बटणं पटापट कुणी बंद केली?"

नशीब, आत माझ्या एकट्याचीच बाटली होती!

आज परत भरून दिलीय. पिशवी राहणार की जाणार, आता पुढच्या आठवड्यात कळेल. जनुकाचं बटण कुणी दाबलं ते काही अजून कळत नाही हो, मी विचारायचं सोडणार नाही... पण हिचा हुकूम आहे, लॅबमधून बाहेर पडेपर्यंत दोन्ही हात खिशात. ती बघा समोरची खोली, आत चिटपाखरू नाही आणि दिवे, पंखे सगळे चालू...

असू देत बापडे!