रेघेच्या आत

मुलगी : सीट खाली घेतलीत ना? काल माझे पाय टेकत नव्हते.

बाबा : घेतली. जावईबापूंची उंची तुला कुठून यायची? पण मी म्हणतो, आजच कशाला सायकल? बस आहे की.

मुलगी : बस अर्धा अर्धा तास एका जागी उभी. पुढे गाड्या, मागे गाड्या, आणि एकेका गाडीत एकेक माणूस. दोन महिन्यांनी पुन्हा छापखान्यात कामाला चाललेय, पहिल्याच दिवशी उशीर नको. तो पंप द्या इकडे.

बाबा : हट्टी आहेस.

मुलगी : त्याची सायकल आहे, धूळ खात नाही ठेवणार. "आपली गाडी धूर सोडत नाही, नुसता घाम सोडते," म्हणायचा.

बाबा : आठवतंय. तेच तेच किती वेळा सांगायचा, तरी हसू यायचं.

मुलगी : मला आता राग येतो. त्याचाच.

बाबा : गेलेल्या माणसावर कसला राग?

मुलगी : सायकलींसाठी सहा फुटांचा पट्टा, पंचनाम्यात तसं लिहिलंय. सहा फूट सोडून हा उभ्या गाड्यांना खेटून कशाला गेला? त्याच्या अंगावर गाडीचं दार उघडणारी बाई पोलिसांसमोर म्हणाली, "इतक्या जवळून कुणी जातं का?" असा कसा निष्काळजी, बाबा? घरी मी वाट बघतेय, एवढं तरी...

बाबा : पुरे गं.

मुलगी : तुम्ही माझी काळजी नका करू. मी नीट रेघेच्या आतून जाईन. माझ्या बाबांनी रस्त्यावर रंगवलेली रेघ आहे ती, सरळ म्हणजे सरळ.

बाबा : नको! आतून जायचं नाही.

(पंपाचा आवाज थांबतो.)

मुलगी : का?

बाबा : सहा फूट कागदावर आहेत. रस्त्यावर तीनच.

मुलगी : म्हणजे?

बाबा : दोरी सहा फुटांवर धरली होती मी. मुकादम आला. म्हणाला, एवढं सोडलं तर गाड्या कुठे उभ्या करायच्या, लोकांच्या डोक्यावर? तीन धर. धरली. मुकाट्यानं रंग ओतला. वर आपलाच टेंभा, की बघा, कशी सुतात आलीय.

मुलगी : मग गाडीचं दार...

बाबा : नंतर टेप घेऊन गेलो होतो. दार पुरं उघडलं की थेट रेघेपर्यंत येतं. बोटभरही जागा उरत नाही.

मुलगी : म्हणजे तो आतच होता.

बाबा : आतच होता. त्याची काही चूक नव्हती, पोरी. मीच त्याला सांगितलं होतं, "मधून जाऊ नका, रेघेच्या आत राहा. मी मारलीय." आणि त्यानं ऐकलं.

मुलगी : दोन महिने मी त्याला शिव्या देतेय. तुमच्यासमोर. आणि तुम्ही ऐकून घेत होतात?

बाबा : नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो, असं म्हणालो असतो. पण खोटं कशाला बोलू? तुला भ्यालो.

मुलगी : तो म्हणाला होता एकदा. "तुझ्या बाबांच्या पट्ट्यात अंग चोरून जावं लागतं." मला वाटलं, नेहमीची थट्टा. म्हटलं, मग बाहेरून जा.

बाबा : मग?

मुलगी : म्हणाला, "बाबा त्याच रस्त्यावर कामाला असतात. त्यांनी पाहिलं तर त्यांना काय वाटेल?"

बाबा : ...असं म्हणाला?

मुलगी : हो.

बाबा : अरे देवा.

मुलगी : संध्याकाळी पोलीस चौकीत जायचं. मला सांगितलंत ते सगळं तिथे सांगायचं. टेपसकट.

बाबा : सांगेन. पण तू आता कुठून जाशील?

मुलगी : रस्त्याच्या मधून.

बाबा : मागून हॉर्न वाजवतील गं. शिव्या देतील.

मुलगी : देऊ देत.

बाबा : मी कोपऱ्यापर्यंत येतो, थांब. चपला घालतो.

मुलगी : नको, बाबा. आज तुम्ही बघत उभे राहू नका.