पाठ टेकायचा स्पीकर

स्पीकरच्या दुकानात माझ्या पुढे एक गृहस्थ आणि त्यांची म्हातारी आई उभी होती. दोघांच्या मध्ये कमरेएवढा जुना लाकडी स्पीकर.

“हा घ्या आणि लहान द्या. नव्या घरात पाऊल ठेवायला जागा नाही.”

“मग हा बघा. मूठभर आहे, पण आवाजात तुमच्या या धुडाला हार जाणार नाही.”

“बाबांचं रेकॉर्डिंग लावून बघतो. बँडमध्ये ड्रम वाजवायचे ते.”

“लावा की.”

“अहो, समोर बसून वाजवताहेत असं वाटतंय!”

“जुन्याचं लाकूड थरथरतं. याचं खोकं जराही हलत नाही, म्हणून आवाज इतका स्वच्छ. आजींना विचारा, पसंत आहे का.”

“तिला दहा वर्षं झाली, काहीच ऐकू येत नाही.”

“मग घरी ऐकतं कोण?”

“तीच. बाबा गेल्यापासून रोज संध्याकाळी मला हेच लावायला सांगते आणि या मोठ्याला पाठ टेकून बसते. ठेक्यावर मान डोलावते. एकदाही चुकत नाही.”

गृहस्थांनी आईचा हात धरून छोट्या स्पीकरवर ठेवला. ड्रम दुकानभर घुमत होता.

“लाव ना रे,” आई म्हणाली, “कशाची वाट बघतोयस?”