व्हॅन, खुर्ची आणि आडवा ड्रायव्हर

नाही, पण मी म्हणते, कंबर धरायला त्या माणसाला दुसरी वेळ मिळू नये? लेकीच्या नव्या दवाखान्यात उद्या सकाळी नऊला पहिला पेशंट, दातांच्या डॉक्टरची ती भलीमोठी खुर्ची गोदामातून आत्ता कुठे व्हॅनमध्ये चढवलेली, ती बसवून देणारा मेकॅनिक तिकडे चारपर्यंतच थांबणार, आणि इकडे आमचा ड्रायव्हर शेवटचा पट्टा आवळायला म्हणून जो वाकला तो वाकलेलाच राहिला. तुम्हाला सांगते, अगदी प्रश्नचिन्ह.

"ताई," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुम्हाला गाडी येते ना?"

येते म्हणजे काय, वीस वर्षं चालवतेय. पण आमची गाडी पिटुकली हो, भाजीच्या दोन पिशव्या आणि एक नवरा, संपली जागा. आणि ही व्हॅन केवढी? आमची बैठकीची खोली आत मावेल, सोफ्यासकट.

आमच्या ह्यांना गाडी चालवता येत नाही, पण गाडीतलं कळतं सगळं. लगेच म्हणाले, "अगं, मोठ्या गाडीला वेगळा हात लागतो. दुसरा ड्रायव्हर बघू." बघितला ना. तीन ठिकाणी फोन, तिन्हीकडून एकच उत्तर, उद्या पाठवतो. तेवढ्यात लेकीचा फोन. एरवी ती माझ्याशी तासभर भांडेल, पण त्या दिवशी नुसतं म्हणाली, "राहू दे आई, पेशंटला पुढची तारीख देते." पाच वर्षं पोरगी दुसऱ्यांच्या दवाखान्यात राबलीय, आता स्वतःच्या नावाची पाटी लागली आणि राहू दे? मी म्हटलं, आणा ती किल्ली इकडे.

आता ड्रायव्हरला धड बसवेना, उभं राहवेना. शेवटी गोदामातल्या हमालांनी त्याला उचलून त्या खुर्चीतच आडवं केलं, पट्टा बांधला, मधली खिडकी उघडून दिली. म्हणजे बघा हं... मागे डॉक्टरच्या खुर्चीत ड्रायव्हर, शेजारी आमचे हे दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून, जसा काही तो सुटून पळणार आहे, आणि स्टिअरिंगवर मी. मधल्या आरशात मागचा रस्ता म्हणून दिसत नाही, दिसतात ते ड्रायव्हरचे तळपाय.

पहिल्याच वळणाला हे ओरडले, "डावीकडे, डावीकडे," मागून आवाज, "उजवी धरा ताई, शेपूट घासेल." दोघांचं ऐकते तर गाडी मधोमध चिरली असती. म्हटलं, कुणीतरी एकानं बोला. तेव्हा ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "पुढे जाऊन मग वळवा. मागची चाकं आळशी असतात, कोपरा कापतात." आता हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर? आळशी माणसांना सांभाळत वळायचं, यात माझा हात कोण धरणार? पुढची सगळी वळणं अशी अलगद घेतली म्हणून सांगू, तळपायसुद्धा हलले नाहीत. एवढी मोठी व्हॅन, बैठकीची खोली, सोफ्यासकट, आणि मी तिला वळवतेय.

दवाखान्याच्या गल्लीत शिरलो. हे म्हणाले, "अजून पुढे, अजून पुढे," आणि फाटक गेलं की मागे. समोरून पाण्याचा टँकर. टँकरवाल्यानं मान बाहेर काढली, "बाई चालवतायत होय? साहेबांना बसवा ना, मागे घ्यायचीय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे घसा साफ करून म्हणाले, "साहेबांना येत नाही. हिलाच येते."

लग्नाला एकतीस वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. मग काय विचारता? कोपऱ्यावरचा शिंपी गळ्यात टेप घालून धावत आला, "या... या... अजून चार बोटं... दोन बोटं... बास." एका दमात फाटकातून आत. शिंप्यानं टेप लावून मोजलं, भिंत आणि आरसा यांच्यात साडेचार इंच. गल्लीतल्या प्रत्येकाला त्यानं तो आकडा सांगितला, मी कशाला अडवू?

चार वाजून दहा मिनिटं झालेली. मेकॅनिकनं खांद्यावर घेतलेली पिशवी परत खाली ठेवली. लेकीनं मागचं दार उघडलं, आत बघितलं आणि म्हणाली, "आई, पेशंट आजच आणलास?" हसली, आणि हसता हसता माझा हात असा घट्ट धरला की मलाच डोळे पुसावे लागले.

आता ड्रायव्हर म्हणतो, कंबर बरी होईपर्यंत गाडी तुमचीच. आणि आमचे हे, ज्यांना मोठ्या गाडीला वेगळा हात लागत होता, ते गावभर सांगत सुटलेत. दिराचा फ्रिज, नणंदेचं कपाट, शेजाऱ्यांचा पलंग... सगळ्यांना वेळा वाटून झाल्यात. परवा म्हटलं, अहो, निदान मला एकदा विचारायचं तरी. तर डायरी उघडून म्हणाले, "रविवारी नऊ ते साडेनऊ तू मोकळी आहेस, तेव्हा विचारतो."