सारखी ओढ

मेहुणी : कार्ब्युरेटरची ओढ मोजायला दोन काट्यांचा गेज कशाला नेताय, भावोजी? चार काट्यांचा न्या. उद्या चार कार्ब्युरेटरची गाडी दारात आली, तर तिला काय परत पाठवणार?

भावोजी : पाठवीन. तुझी ताई गेल्यापासून गॅरेजचं शटर बंद आहे. आता उघडतोय, पण झेपेल तेवढंच घेणार.

मेहुणी : अहो, त्याच गाड्यांवर तर तुमचं नाव झालं. मी इथे दुकानात गिऱ्हाइकांना सांगायची, आमच्या भावोजींच्या कानापुढे हे सगळे गेज पाणी भरतात. रबरी नळी लावली की झालं!

भावोजी : नळी तुझ्या ताईच्या कानाला असायची.

मेहुणी : धरायची हो ती, मदत म्हणून.

भावोजी : धरायची नाही. ऐकायची. एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी नळी, मग दुसऱ्याच्या. हवेची ओढ कुठे जास्त, कुठे कमी. मी तिच्या बोटाकडे बघून स्क्रू फिरवायचो. मूठ मिटली की ओढ सारखी झाली, बस.

मेहुणी : काहीतरीच तुमचं.

भावोजी : लोकांनाही असंच वाटायचं. बायकोचं कौतुक करतोय म्हणून हसायचे.

मेहुणी : ...मीही हसलेय. वर तिलाच बोलले, एवढी शिकलीस आणि त्या काळ्या तेलात नुसती बसून असतेस.

भावोजी : सांगितलं होतं तिनं.

मेहुणी : रागावली होती?

भावोजी : छे. म्हणाली, छोटीला एकदा नळी देऊन बसवायला पाहिजे.

मेहुणी : मग बोलावलं का नाही मला?

भावोजी : आज बोलावू, उद्या बोलावू. राहून गेलं.

मेहुणी : पण भावोजी, इतकी वर्षं शेजारी बसून तुम्हाला तो आवाज ओळखता येत नाही?

भावोजी : डावा कान लग्नाआधीच गेला. उजवा आता नावापुरता. तू समोर उभी आहेस, ओठ दिसतात म्हणून कळतंय.

मेहुणी : अगं बाई! म्हणून ती उठून तुमच्यापुढे यायची होय बोलायला? आम्ही चिडवायचो तिला, नवऱ्याचं तोंड बघितल्याशिवाय शब्द फुटत नाही म्हणून.

भावोजी : ऐकून घ्यायची. मेकॅनिकला ऐकू येत नाही कळलं, तर गाडी कोण देणार?

मेहुणी : आम्हालाही नाही सांगितलं... चार काट्यांचाच न्या, भावोजी. तिच्या गाड्या परत पाठवू नका.

भावोजी : काटे फार थरथरतात गं. नजर ठरत नाही.

मेहुणी : याच्या नळ्यांवर बारीक चाप आहे. जरा आवळला की काटा शांत होतो.

भावोजी : दे मग. पण सगळे काटे सारखंच दाखवतात का, ते बघून दे.

मेहुणी : (चारही नळ्या एकाच सिरिंजला जोडून दट्ट्या ओढते.) हे बघा. चौघेही बरोबरीनं चढले. आता आधी घरच्या गाडीवर लावून हात बसवा.

भावोजी : त्या गाडीला नाही लावणार. दवाखान्यात जायच्या आधी तिनंच ऐकून जुळवून दिलीय ती.

मेहुणी : पण कधीतरी बिघडेलच ना?

भावोजी : बिघडू दे. मला थोडंच ऐकू येणार आहे.